डीपीएफचा दिवा विझवला तरी परत लागतो: बीएस-६ डिझेल एसयूव्हीचं ॲव्हरेज का पडतं आणि दोष कुठे शोधायचा

तक्रार ठरलेली असते. दोन-तीन वर्षं जुनी, मोठी सात सीटर डिझेल एसयूव्ही. आधी चौदाचं ॲव्हरेज द्यायची, आता दहा-अकरावर आली. मग डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी स्कॅनर लावून फोर्स रिजन करून दिलं, म्हणजे फिल्टरमध्ये साचलेली काजळी मुद्दाम जाळून टाकली, दिवा गेला, पिकअपही सुधारला. काही आठवड्यांत दिवा परत हजर. पुन्हा रिजन, पुन्हा बिल. तिसऱ्या खेपेला "फिल्टर बदलावा लागेल" असं ऐकायला मिळतं, आणि काही गाड्यांत तो आकडा लाखाच्या घरात जातो.

त्या एस्टिमेटवर सही करण्याआधी थोडं थांबा. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा गाड्यांत फिल्टर स्वतः बिघडलेला क्वचितच निघतो. तो काजळी अडवतोय, म्हणून तर भरतोय. दोष असतो तो एकतर काजळी गरजेपेक्षा जास्त का तयार होते यात, नाहीतर साचलेली काजळी जळून का जात नाही यात. तो सापडला नाही तर नवाकोरा फिल्टरसुद्धा काही महिन्यांत त्याच अवस्थेला येतो. लोकांचे हकनाक पैसे जाताना बघून वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आत नेमकं काय चालतं

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे नियम, लागू झाले. बीएस-४ वरून आपण बीएस-५ गाळून थेट इथे उडी मारली. साध्या डिझेल कारसाठी धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली आणि नायट्रोजन ऑक्साइडची २५० वरून ८० वर. डिझेलमधलं गंधकही दहा लाख भागांत ५० होतं ते १० वर आलं, कारण गंधक जास्त असेल तर पुढची सगळी यंत्रणाच निकामी होते. कणांची एवढी कडक मर्यादा निव्वळ इंजिन ट्यून करून गाठता येत नाही, म्हणून सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ आला.

डीपीएफ म्हणजे पोळ्यासारखी बारीक छिद्रं असलेली सिरॅमिकची वीट. एकाआड एक छिद्रांची तोंडं बंद केलेली असतात, त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी भिंतीवर राहते. ही काजळी दोन रीतीने जळते. हायवेवर गाडी लोडवर चालत असली की एक्झॉस्ट अडीचशे ते चारशे अंशांपर्यंत तापतो आणि धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने काजळी हळूहळू, आपल्या नकळत जळत राहते. एवढ्याने भागलं नाही तर कंट्रोलर स्वतःहून रिजन सुरू करतो. सिलिंडरमधला मुख्य स्फोट होऊन गेल्यावर तो उशिराने थोडं जादा डिझेल सोडतो, ते पुढच्या कॅटलिस्टमध्ये जळतं, आणि फिल्टर साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापून काजळी साफ होते. याला साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटं सलग गाडी चालावी लागते.

तुमचं डिझेल नेमकं इथे जातं. रिजन पूर्ण झालं तर हा खर्च किरकोळ असतो, काहीशे किलोमीटरमध्ये एकदाच. पण रिजन सुरू झालं, दहा मिनिटांत सोसायटीचं गेट आलं आणि तुम्ही चावी फिरवली, की तेवढं डिझेल वाया. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिवाय फिल्टर भरलेला असताना धूर बाहेर ढकलायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो, त्यात आणखी जातं. म्हणून दिवा लागायच्या कितीतरी आधी ॲव्हरेज बोलायला लागतं. ते ऐकायचं असेल तर डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. एकाच पंपावर, नोझल आपोआप कट होईपर्यंत टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, पुढच्या फुल टाकीला भागाकार करा. निदान दोन टाक्या तरी असं करा. आणि तुलना आपल्याच गाडीच्या जुन्या आकड्याशी करा. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून काढलेला असतो.

आधी वापर तपासा

डिझेल इंजिन कमी लोडवर उष्णता फार वाया घालवत नाही, त्याचं ॲव्हरेज त्यातूनच येतं. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरात रांगणाऱ्या दोन टनांच्या गाडीचा एक्झॉस्ट तापतच नाही. घर, शाळा, मंडई, परत घर, एवढंच चालणं असेल तर काजळी साचणार. महिन्याला पाच-सहाशे किलोमीटर आणि तेही सगळे शहरात, असं असेल तर मी मोकळेपणाने सांगतो, डिझेल घेऊ नका, पेट्रोल किंवा हायब्रिड बघा. २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाल्यापासून दोन्ही इंधनांतला फरक तसाही पूर्वीसारखा राहिलेला नाही.

गाडी घेऊन झाली असेल तर आठवड्या-पंधरवड्यातून एक नीट फेरी मारा. साठ ते ऐंशीचा वेग, इंजिन दोन हजार आरपीएमच्या वर राहील असा गिअर, वीस-पंचवीस मिनिटं सलग. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा स्पोर्ट मोडमध्ये टाका, नाहीतर ती लगेच वरचा गिअर घेऊन आरपीएम चौदाशेवर आणून ठेवते. पुण्याहून एक्सप्रेसवेने निघालात तर किवळे ते लोणावळा हा पट्टा यासाठी चांगला. पण खंडाळ्याचा घाट उतरण्याची फेरी यात धरू नका. उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की इंजिनात डिझेल जातच नाही, एक्झॉस्ट गार पडतो आणि चालू झालेलं रिजन अर्धवट सुटतं. मुंबईकडून येत असाल तर कळंबोली ते खोपोली सपाट आणि पुढे चढ, म्हणजे उत्तमच. नागपूर-वर्धा भागातल्यांना समृद्धी महामार्ग आहे.

रिजन चालू आहे हे ओळखायला शिका, खूप त्रास वाचतो. उभ्या गाडीत आयडलिंग नेहमीच्या आठशेच्या आसपासवरून नऊशे-हजारवर जातं, रेडिएटरचा पंखा विनाकारण जोरात फिरतो, ऑटो स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, तात्पुरतं ॲव्हरेज धाडकन खाली येतं, खाली उतरलात तर तापलेल्या लोखंडाचा वास येतो. अशा वेळी शक्य असेल तर गाडी बंद न करता एक चक्कर मारून या.

अजून दोन गोष्टी. बऱ्याच गाड्यांत टाकी रिझर्व्हला टेकली असेल किंवा चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल तर कंट्रोलर रिजन सुरूच करत नाही. दोनशे-पाचशेचं डिझेल टाकून गाडी फिरवणाऱ्यांच्या बाबतीत कधीकधी एवढंच कारण निघतं.

वापर बरोबर असूनही दिवा येतो

खरा शोध इथून सुरू होतो. हायवेला रोज जाणारी गाडी वारंवार दिवा दाखवत असेल तर ड्रायव्हरला दोष देऊ नका.

पहिलं काम फुकट आहे. सपाट जागी, इंजिन थंड असताना ऑइलची डिपस्टिक काढा. ऑइल मॅक्सच्या खुणेच्या वर गेलंय का? इंजिन ऑइल आपोआप वाढत नसतं. वाढलं असेल तर त्यात डिझेल उतरलंय. रिजनसाठी उशिराने सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली जातं, आणि अर्धवट रिजन जितकी जास्त तितकं ते वाढतं. बोटांत घासून बघा, ऑइल पातळ लागेल. अशा ऑइलवर टर्बोची आणि क्रँकची बेअरिंग चालतात, तेव्हा "थोडं जास्तच आहे, चांगलंय की" असं म्हणून सोडून देऊ नका. पातळी फार चढली तर तेच ऑइल इंजिन ओढून घेऊ शकतं आणि मग चावी बंद करूनही ते थांबत नाही. ऑइल बदला, किलोमीटर भरलेले नसले तरी बदला.

आणि बदलताना ग्रेड बघा. बाहेरच्या दुकानात "डिझेलचं फाइव्ह-डब्ल्यू-थर्टी" एवढंच मागून चालत नाही. डीपीएफच्या गाडीला कमी राख सोडणारं ऑइल लागतं. डब्यावर एसीईए सी-२ किंवा सी-३ असं काही असतं, मोठ्या ट्रकसाठी एपीआय सीके-४. तुमच्या गाडीला नेमकं कोणतं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. चुकीचं ऑइल जळून जी राख होते ती कितीही तापवली तरी जळत नाही, फिल्टरमध्येच मुक्काम करते.

दुसरी जागा हमखास दुर्लक्षित राहते ती म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा वाल्व. एका ओळखीच्यांची गाडी रोज पुणे-शिरवळ करायची, तरी दिवा यायचाच. दोनदा फोर्स रिजन झालं होतं, फिल्टरचं कोटेशन हातात होतं. स्कॅनर लावून सोबत गाडी चालवली तर कूलंटचं तापमान बहात्तर-चौऱ्याहत्तरच्या पुढे जायला तयार नव्हतं, कात्रजचा बोगदा ओलांडून गेलो तरी. थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला. डॅशबोर्डवरचा काटा मात्र अगदी मध्यावर, कारण बऱ्याच गाड्यांत तो काटा मोठ्या पट्ट्यात एकाच जागी थांबेल असाच बसवलेला असतो. इंजिन पूर्ण गरम झालं नाही की कंट्रोलर रिजनला परवानगी देत नाही, आणि थंड इंजिन डिझेलही जास्त पितं. थर्मोस्टॅट बदलल्यावर कूलंट नव्वदला स्थिरावलं, रिजन आपापलं व्हायला लागलं. फिल्टर तोच आहे.

तिसरं, डीपीएफचा प्रेशर सेन्सर आणि त्याच्या नळ्या. फिल्टरच्या पुढून आणि मागून दोन बारीक नळ्या निघून एका छोट्या सेन्सरला जातात, त्या दाबातल्या फरकावरून फिल्टर किती भरला ते कळतं. या नळ्यांचे रबरी तुकडे उष्णतेने कडक होऊन टोकाशी चिरतात. चीर नुसत्या डोळ्याला दिसत नाही, पण तिच्याभोवती काळा भुरका डाग असतो, बोट फिरवलं की हाताला लागतो. पुढची नळी गळत असेल तर दाब कमी दिसतो, कंट्रोलरला वाटतं फिल्टर मोकळा आहे, आणि काजळी मर्यादेबाहेर साचते. काम करताना कोणी दोन नळ्यांची अदलाबदल केली असेल तर आकडा उलटाच येतो. सेन्सर तपासायची सोपी पद्धत अशी: चावी ऑन, इंजिन बंद, स्कॅनरवर दाब वाचा. तो शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ हवा. इंजिन बंद असताना फिल्टरमध्ये दाब कुठून येणार? आकडा दाखवत असेल तर सेन्सर गेलाय, आणि तो फिल्टरच्या मानाने फारच स्वस्त आहे.

हे सगळं ठीक असेल तर इंजिनाकडे वळा. टर्बो ते इंटरकूलर ते इंजिन या पाइपला भेग असेल तर हवा कमी पडते आणि काजळी वाढते. जोडाजवळ तेलकट डाग, चढावर शिट्टीसारखा आवाज आणि उचल कमी, अशी लक्षणं असतात. धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर वाल्व उघडा अडकला तर तोच परिणाम. एखादा इंजेक्टर टपकत असेल तर रिटर्न लाइनची चाचणी करून कळतं. एअर फिल्टरचं सांगायलाच नको, खडीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा तो मॅन्युअलच्या तारखेआधीच बघावा. एक्झॉस्टचे तापमान सेन्सर आणि काही गाड्यांत ग्लो प्लगसुद्धा रिजन अडवतात, पण त्यांचा कोड स्कॅनरवर बहुधा येतो.

कधीकधी दोष खरोखरच रचनेत असतो. ऑस्ट्रेलियात २०१५ ते २०२० दरम्यान विकलेल्या टोयोटाच्या हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनर या डिझेल गाड्यांच्या डीपीएफ यंत्रणेत मूळचाच दोष असल्याचं तिथल्या फेडरल कोर्टाने २०२२ मध्ये मान्य केलं. त्या खटल्यात अडीच लाखांहून जास्त गाड्यांचा प्रश्न होता. तेव्हा "तुम्ही गाडी नीट चालवत नाही" हे उत्तर निमूटपणे ऐकून घ्यायची गरज नाही. वॉरंटीत असाल तर प्रत्येक खेपेला जॉबकार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या.

गॅरेजमध्ये काय मागायचं

स्कॅनरवर चार गोष्टी बघायला मागा आणि फोटो काढून ठेवा: काजळीचा अंदाजे भार, शेवटचं रिजन पूर्ण झाल्यापासूनचे किलोमीटर, आयडलिंगला आणि तीन हजार आरपीएमला असलेला दाबातला फरक, आणि कूलंटचं तापमान. निरोगी गाडीत दोन रिजनमध्ये काहीशे किलोमीटर जायला हवेत. शंभर-दीडशेवर रिजन होत असेल तर वरच्यापैकी काहीतरी नक्की आहे.

राखेचा भाग वेगळा. लाख-दीड लाख किलोमीटर पार केलेल्या गाडीत, रिजन पूर्ण झाल्यावरही दाब खाली येत नसेल, तर ती राख आहे. फिल्टर उतरवून त्यासाठीच्या मशीनवर उलट्या दिशेने साफ करावा लागतो. गाडी धुण्याच्या जेटने किंवा ॲसिड ओतून हे करणाऱ्यांकडे देऊ नका, सिरॅमिकला तडा जातो आणि वरचा कॅटलिस्टचा थर धुऊन निघतो. साफ केल्यावर किंवा बदलल्यावर कंट्रोलरमधली नोंद रीसेट करायलाच हवी, नाहीतर तो फिल्टर जुनाच समजून गरज नसताना रिजन करत राहतो आणि ॲव्हरेज पडलेलंच राहतं.

याच रीसेटचा एक घातक गैरवापर चालतो. फिल्टरला हात न लावता नुसता काउंटर शून्य केला की दिवा जातो, हजार-पंधराशे घेतले जातात. काजळी जागच्या जागी असते. पुढे साचत साचत इतकी होते की एखाद्या रिजनला सगळी एकदम पेटते आणि सिरॅमिक वितळतं. मग मात्र फिल्टर खरोखरच जातो. दिवा घालवून दिला आणि पुढच्या शंभर किलोमीटरमध्ये आकडे जागचे हलले नाहीत, तर समजा हेच झालंय.

आणि फिल्टर कापून आतली वीट काढून टाकायचा सल्ला. "ॲव्हरेज दोनने वाढेल, पीयूसीत पण पास होतं" असं सांगतात. पीयूसीला डिझेल गाडीचा रेस देऊन धूर मोजतात, बारीक कण मोजले जात नाहीत, त्यामुळे पास होईलही. पण कायद्याने ती गाडी सदोष आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्सवर तीन महिन्यांची गदा येऊ शकते. याहून मला महत्त्वाचं वाटतं ते हे की हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात, आणि सिग्नलला तुमच्या सायलेन्सरच्या उंचीवर दुचाकीवर पुढे बसलेलं मूल असतं. मी हे काम कोणालाही करू देणार नाही.

डीईएफच्या गाड्या आणि ट्रक

मोठ्या ट्रकना आणि काही एसयूव्हींना युरियाचं द्रावण, म्हणजे डीईएफ लागतं. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी असतं. ते एक्झॉस्टमध्ये फवारलं की अमोनिया तयार होऊन नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन आणि पाणी होतं. ट्रकमालकांना हा फुकटचा खर्च वाटतो, पण हिशोब उलटा आहे. इंजिन गरम आणि कार्यक्षम चाललं की नायट्रोजन ऑक्साइड वाढतो. तो मागे निस्तरायची सोय असल्यामुळेच कंपनी इंजिन डिझेल वाचेल असं ट्यून करू शकते. शंभर लिटर डिझेलला तीन ते सहा लिटर डीईएफ हे साधारण प्रमाण धरा. त्याहून बरंच कमी लागत असेल तर खूश होऊ नका, फवारा चोंदलाय.

चोंदण्याचं कारण बहुतेक वेळा स्वस्तातलं डीईएफ. शेतीचा युरिया बोअरच्या पाण्यात कालवून ते विकलं जातं. २०१५ पासून आपल्याकडचा शेतीचा युरिया कडुनिंबाचं तेल लावलेला असतो, शिवाय त्यात इतर अशुद्धी असतात आणि बोअरच्या पाण्यात क्षार. फवाऱ्याच्या तोंडाशी पांढरे खडे जमतात, कॅटलिस्ट खराब होतो, आधी ताकद कापली जाते आणि शेवटी गाडी रांगायला लागते. रिफ्रॅक्टोमीटर प्रमाण सांगतो, शुद्धता सांगत नाही, त्यामुळे पावतीसह सीलबंद डबाच घ्या. उन्हाळ्यात साठाही जपा. ३० अंशांच्या आत वर्षभर टिकणारं डीईएफ सतत ३५ अंशांत सहाच महिने टिकतं, आणि अकोला-चंद्रपूरकडे पत्र्याच्या शेडखाली एप्रिल-मेमध्ये काय तापमान असतं ते सांगायला नको. चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं तर चावी ऑनसुद्धा करू नका, टो करून न्या आणि टाकी उतरवा.

ट्रकमध्ये उभ्या उभ्या रिजन करायचं बटण असतं. ते दाबण्याआधी गाडी कुठे उभी आहे ते खाली वाकून बघा. गळीत हंगामात कारखान्याच्या आवारात आणि उसाच्या फडाच्या कडेला सगळीकडे वाळलेलं पाचट पडलेलं असतं, आणि रिजनच्या वेळी फिल्टर आतून सहाशे अंशांच्या आसपास असतो. गाडी डांबरावर किंवा काँक्रीटवर न्या, सायलेन्सरच्या तोंडासमोर ताडपत्री, दोर, माणूस काही नाही याची खात्री करा, आणि दिवा जाईपर्यंत ड्रायव्हरला गाडीपाशीच थांबायला सांगा.